बंद थांब्यावरची गाडी

आमची आत्या उपनगरी रेल्वेगाडी चालवायची. आजोबा म्हणायचे, एवढी मोठी गाडी ही जागच्या जागी थांबवते, पण हिचं तोंड थांबवणारा ब्रेक अजून कुणी बनवला नाही.

तिच्या मार्गावर एक छोटा थांबा होता. शहरातली ऑफिसं झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायका पहाटे तिथे चढायच्या. गाड्या लवकर पोचाव्यात म्हणून वरच्यांनी तो थांबा बंद केला. बायकांना सांगायची तसदी कोण घेतो! आत्याला सांगितलं होतं, पण पहिल्याच दिवशी सवयीने तिचा हात ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली. बायका नेहमीसारख्या बडबडत चढल्या.

दुसऱ्या दिवशीही गाडी थांबली. दुपारी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याने वाटही दाखवली, की इतक्या वर्षांची सवय आहे, दोन्ही दिवस हात चुकला म्हणा, विषय संपवू. नाहीतर गाडी काढून घ्यावी लागेल. गाडीशिवाय आत्याला दुसरं काही नव्हतं. ना संसार, ना हौसमौज.

"काल हात चुकला, साहेब," आत्या म्हणाली. "आज मी थांबवली."

झालं! गाडी गेली आणि डबे धुतात त्या शेडमध्ये बदली झाली. घरी येऊन माझ्यासमोर ढसाढसा रडली. एवढंसं खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी चिडून विचारलं. तर म्हणाली, मग उद्यापासून त्या बायकांच्या तोंडासमोरून गाडी पळवत न्यावी लागली असती, ते मला मेले तरी जमणार नाही.

तिची गाडी 'घड्याळा'कडे गेली. हा तिच्याच बरोबरीचा चालक. उशीर म्हणजे पाप असं मानणारा, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणायचे. आत्याचं डोकं फिरलंय, असं तो चारचौघांत बोलला होता.

दुसऱ्या दिवशी शेडला जायला आत्या मुद्दाम त्याच बंद थांब्यावर जाऊन उभी राहिली. ही बया रुळांवर उतरेल की काय, या धास्तीने मीही सोबत गेले. वळणावरून गाडी आली, चांगली भरधाव. बायकांनी पिशव्या उचलल्या.

गाडी करकरत थांबली. घड्याळाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पण आमच्याकडे बघितलं नाही.

"हात चुकला," तो म्हणाला.

"उद्याही चुकू दे," आत्या म्हणाली आणि बायकांना आधी चढू दिलं.