माल सोडण्याचा अधिकार

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही. आज का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस होतं. मिरजेच्या वाटेवरच्या एका कोल्ड स्टोअरेजसाठी मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिलं — ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम. शेतकऱ्यांचा बेदाणा आत किती आला, बाहेर किती गेला, सगळं तोच बघणार. कुणाला काय करता येईल, तेही त्यातच बांधलेलं. माल सोडण्याचा अधिकार एकट्या स्टोअरकीपरला. ते होते वडूजचे सुभेदार जाधव, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मोबाईलवरून मंजुरी आल्याशिवाय एक बॉक्स हलणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

खरं होतं का ते? नव्हतं. चाचणीसाठी मी आणखी एक खातं उघडलं होतं. त्यालाही तोच अधिकार दिला, आणि त्याची किल्ली — पासवर्डच समजा — ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. काम झाल्यावर तो अधिकार काढून घ्यायचा होता. एका ओळीचं काम. राहिलं.

एका सकाळी कळलं, ट्रक भरून बेदाणा गेलाय. स्क्रीनवर रीतसर मंजुरी. मी खातं पाहिलं — चाचणीचंच. कुणी वापरलं, आजही माहीत नाही. मी आधी त्याचा अधिकार काढला. मग मीटिंगला गेलो.

कोल्ड स्टोअरेजच्या चेअरमननी विचारलं, मंजुरी कुणी दिली. ते खातं कुणाचं हे ओळखू शकणारा तिथे मी एकटाच होतो. म्हणालो, "अधिकार फक्त सुभेदारांकडे आहे." चोर म्हणालो नाही — पण म्हणायची गरज होती का?

सुभेदार उभे राहिले. "आवं सायेब, मी बटण दाबलं न्हाई." माझ्याकडे बघत राहिले. मी लॅपटॉपकडे.

पोलिसांत काही सिद्ध झालं नाही. सुभेदारांची नोकरी मात्र गेली. पुढे एकदा सांगली स्टँडवर त्यांनीच मला हाक मारली. "लय इचार केला, सायेब. माज्याच हातनं चुकून दाबलं गेलं आसंल. मशीन कशाला खोटं बोलंल?"

तेव्हा सांगता आलं असतं. कोण ऐकत होतं तिथे? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

यंदा ते वारले. मी वडूजला भेटायला गेलो. कशासाठी — कुणास ठाऊक. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं. म्हणाली, "पंधरा ऑगस्टला झेंड्याला सुदा जात न्हवते वो. भाऊ, तुमी तरी सांगा. खरंच त्येंच्याच मोबाईलवरनं झालं व्हतं का?"

"हो," मी म्हणालो. "त्यांच्याच."

तिनं मान हलवली. शेजारणीनं आणलेला चहा माझ्यापुढे सरकवला. मी तो प्यालो.