बुटकीची कावीळ

आमच्या मंगरूळपीरच्या बोअरच्या पाण्याला कमी समजू नका. थोडे दिवस वापरला की हंडा आतून चुन्यानं सारवल्यासारखा होतो. अशा पाण्याच्या गावात मी मासे पाळले, तेही मऊ पाणी मागणारे! हट्टच म्हणा ना. गुडघे वाफ्यात बसू देईनात, मळा मुलानं हातात घेतला, आणि मला रिकामं बसवेना. मग समोरच्या खोलीत काचेची पेटी मांडली.

वाशीमचा दुकानदार या माशांना ‘ड्वार्फ सिक्लिड’ म्हणतो. मी बुटके म्हणते. अंगठ्याएवढा जीव, पण तोरा पाहाल तर जमीनदाराचा.

आधी माझ्याकडे यांच्याच गोतातली एक निळी जोडी होती. सपाट दगडावर अंडी घालायची, दोघं मिळून परांनी वारा घालत राखण करायची. पण दर खेपेला अंडी पांढरी पडायची, त्यांवर कापसासारखी बुरशी चढायची, आणि शेवटी ती दोघंच ती गिळून टाकायची. मला पाहवत नसे. जोडी म्हातारी होऊन गेली, पण पिल्लू काही मला दिसलं नाही.

म्हणून नवी जोडी आणली. नराचा तुरा फेट्यासारखा उभा, मादी मात्र राखी, मळकट, नजरेत न भरणारी. या वेळी मी प्यायच्या फिल्टरचं पाणी मिसळलं. शेजारच्या आपाच्या अंगणात देशी बदामाचं झाड आहे, त्याची वाळलेली पानं आत सोडली. बुरशीला त्यानं आळा बसतो असं मोबाइलवर ऐकलं होतं. नारळाची अर्धी करवंटी भोक पाडून पालथी घातली. पाणी तांबूस झालं.

“अवं, माशायले चहा पाजून राह्यली काय? साखर टाकली का नाई?” आमचे हे दारातून म्हणाले. मग जरा गंभीर झाले. “या वक्ती पिल्लं नाई झाली तं त्या पेटीत मी मिरचीचं रोप टाकतो, पाह्य.”

आणि हे बोलतात ते करतात.

एका सकाळी पाहते तर मादी पिवळीधमक! हळकुंड उगाळून अंगाला फासावं तशी. खाणं सोडलं, करवंटीच्या तोंडाशी बसून राहिली, आणि नर जवळ आला की त्याच्यावर धावून जायची. मी घाबरून भिंतीवरून आपाला हाक मारली. आपा कपडे शिवते. गळ्यात टेप तसाच ठेवून आली.

“या अल्ला! बाई, हिले तं कावीळ झाली व!”

“माशाले कुठं कावीळ होते?”

“माणसाले होते, तं माशाले काहून नाई होणार? माळ घालाची म्हणलं तं हिले गळाच नाई!”

आमच्याकडे काविळीवर माळ घालतात. ती लांबत गेली की कावीळ उतरली असं समजतात. आम्ही दोघी हसलो, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नराला लागण नको म्हणून मादीला वेगळ्या भांड्यात काढायचं ठरलं. मी जाळी आत घातली.

ती पळाली नाही. सरळ जाळीवर आली, मग माझ्या बोटावर. एवढंसं तोंड, पण टोचलं! माझा हात तिथंच थांबला. आजारी जीव कोपरा धरतो. अंगावर कोण येतं? गोठ्यात नवी व्यालेली गाय येते.

“आपा,” मी म्हटलं, “हे कावीळ नाई. हे व्याली!”

आपानं घरून हातआरसा आणला. काचेशी धरून मोबाइलच्या उजेडात करवंटीचं छत पाहिलं. गेरूत बुडवलेली खसखस चिकटवावी तशी अंडी, लालचुटूक! जाळी मी परसात नेऊन ठेवली, परत हातात येऊच नये म्हणून.

एखाददुसरं अंडं पांढरं पडलं, ते तिनंच तोंडानं वेचून काढलं. बाकीची लालच राहिली. मग करवंटीखाली काही वळवळू लागलं, आणि एका दुपारी ती बाहेर आली, मागे धुरासारखी पिल्लं घेऊन. तिनं अंगाला एक झटका दिला मात्र, सगळी पिल्लं एकदम वाळूवर बसली. दिसेनाशी झाली! दुसरा झटका, आणि पुन्हा ढग उठला. भटकलेल्या एकाला तिनं तोंडात धरलं आणि आणून घोळक्यात सोडलं. ही तर दुकानातल्या पेटीतून आलेली. तिनं तिची आई कधी पाहिली असेल? मग हे कुठून शिकली? मी काचेपुढं हात जोडून उभी होते, हे माझं मलाच कळलं नाही.

बाटलीत खारं पाणी करून त्यात दुकानातून आणलेल्या अंड्यांतून मी बारीक किडे उबवायचे, ते खाऊन पिल्लांची पोटं गुलाबी व्हायची. ह्यांनी खुर्ची पेटीसमोर ओढली, ती तिथंच राहिली. मिरचीचं रोप परसातल्या फुटक्या टबात गेलं.

पिल्लं मोठी होऊन आपापली हिंडू लागली, तशी मादी पुन्हा राखी झाली. आपा एकदा साडीचा फॉल घेऊन आली, वाकून पाहिलं आणि जोरात ओरडली, “उतरली व बाई कावीळ!”

“हळू बोल व,” हे खुर्चीतून म्हणाले, “पिल्लं खाली बसतात.”

आणि खरंच, सगळी वाळूवर बसली होती.