डावखुऱ्या डॉक्टरांचे कैवारी

समस्त वऱ्हाडवासीयांना कळविण्यात येते की, वैद्यकशास्त्रातील एक अत्यंत गंभीर शोध आजवर भातकुलीच्या पलीकडे पोचू शकलेला नाही आणि तो पोचवण्याची जबाबदारी आता माझ्या शिरावर येऊन पडली आहे. तरी वाचकांनी शक्य असल्यास टोपी काढून पुढील मजकूर वाचावा. शोध असा की, जगातला प्रत्येक लायक डॉक्टर डावखुरा असतो. उजव्या हाताने सुई टोचणारा माणूस म्हणजे फार तर कंपौंडर, आणि बहुधा तोतया. हा शोध लावणारे गृहस्थ माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तसं मीही म्हणे. पण त्यांच्यासमोर जाऊन बसलं की आपण जावई नसून तपासणीला आलेलो पेशंट आहोत असंच वाटायचं. इतर सासरे जावयापुढे पानसुपारी करतात. मामाजी आधी जीभ बाहेर काढायला लावायचे, ती निरखायचे, आणि मग पान द्यायचं की नाही ते ठरवायचे.

भातकुलीजवळच्या एका गावात, गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती तिथे ते राहत आणि दिवसा लोकांच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करीत. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा मामाजींनी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्यात साबणाची वडी ठेवली. त्या वडीला घरात जो मान होता तो मला, साक्षात जावयाला, कधी मिळाला नाही. जेवायला बसण्यापूर्वी सगळ्यांनी ओळीने उभं राहून हात धुवायचे, आणि तेही डावा आधी, उजवा नंतर. एकदा मी चुकून उजवा आधी धुतला. मामाजींनी ताटावरून उठवून मला पुन्हा रांगेत उभं केलं.

"पण मामाजी, कुठला हात आधी, याने काय फरक पडतो?" मी विचारलं.

"जावई, तुमी बडनेऱ्याच्या रेल्वेत कारकून हा. गाडी उलटी चालवली तं चालते काय? फिलीमीत डॉक्टर डावा आधी धुते. तो काय येडा हाय?"

या फिलमी म्हणजे मामाजींचं विद्यापीठ. अमरावतीहून आरोग्य खात्याची गाडी अधूनमधून गावात यायची, चावडीसमोर कडुनिंबाला पांढरं कापड बांधायची आणि हिवताप, खोकला, विहिरीचं पाणी अशा विषयांवरची चित्रं दाखवायची. मामाजींनी एकही खेळ चुकवला नाही. आपल्याला मिळणाऱ्या जागेचाही त्यांना कोण अभिमान. "गावाचे लोक तिकून पायतात, आमी इकून," ते सांगायचे. "पाटलाची खुर्ची मशिनीजवळ, त्याईच्या कानाशी नुसती खटखट. आमी पडद्याले अगदी चिकटून. डोळ्यावर उजेड नाई, काई नाई." मला वाटायचं, नशीबवान आहेत बुवा. माझं सगळं सिनेमा पाहणं अमरावतीच्या थेटरात तिकीट काढून झालेलं, त्यामुळे कापडाला पलीकडची बाजूही असते हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तक्रार त्यांची एकच होती. रात्रशाळेत जाऊन त्यांनी वाचायला शिकून घेतलं होतं, वर्तमानपत्र तर ते अशा आवाजात वाचत की शेजारच्यांना विकत घ्यायची गरज पडू नये. पण फिलमीतली अक्षरं मात्र त्यांना लागत नसत. "ते आपलं मराठी नाई," त्यांनी मला समजावलं होतं. "ते डॉक्टरी मराठी हाय. मोठ्या लोकाईसाठी असते. आपून चित्रावरून समजून घ्याचं." आणि चित्रावरून त्यांनी काय समजून घेतलं होतं, तर फिलमीतला प्रत्येक डॉक्टर, मग तो हिवतापाचा असो की खोकल्याचा, डाव्या हाताने सुई धरतो.

दुसऱ्या कुणी एवढ्यावर सोडून दिलं असतं. मामाजींनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. वस्तीतल्या झेंड्याखाली उभं राहून मी त्यांना भाषण करताना ऐकलं आहे. "आपल्या शरीराले दोन हात. उजव्यानं नैवेद्य दाखवा, उजव्यानं जेवा, उजव्यानं राम राम करा. अन् घाण काढाची वेळ आली का डावा. जलमभर त्या बिचाऱ्याले कोणी पंगतीत घेतलं नाई. विज्ञानानं काय केलं? त्यालेच डॉक्टर केलं." यावर टाळ्या पडायच्या, आणि मामाजींच्या आज्ञेने त्या डाव्या तळहाताने उजव्यावर वाजवायच्या असत. वस्तीत एक शेळ्या राखणारा गडी जन्माचा डावखुरा होता. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात आणि तो काही गौरव नसतो. मामाजींनी मात्र त्याच्या हाती आयोडिनची बाटली दिली आणि कुणाला खरचटलं, ठेच लागली की त्याच्याकडे धाडायला सुरुवात केली. शेळ्या बोरी-बाभळी खात हिंडायच्या आणि हा लोकांच्या गुडघ्यांना रंग लावत बसायचा.

एकदा मामाजींची दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. निघताना त्यांनी पिशवीभर संत्री घेतली. मला वाटलं, डॉक्टरला भेट. मोठी रांग होती. मामाजी तिच्यात उभे न राहता एकेका खोलीच्या दाराशी जाऊन आत डोकावत, "डॉक्टरसाहेब, झेला," म्हणत आणि संत्रं फेकत. पहिल्या डॉक्टरांनी उजव्या हाताने झेललं. मामाजींनी नमस्कार केला, संत्रं परत मागून घेतलं आणि पुढच्या खोलीकडे वळले. दुसऱ्यांनी दोन्ही हातांनी झेललं; "याचं अजून नक्की नाई," असं म्हणून मामाजींनी त्यांनाही सोडलं. एका खोलीत संत्रं थेट हेडनर्सबाईंच्या टोपीवर बसलं आणि मला माझा रेल्वेचा पास दाखवून आपण सभ्य घरचे असल्याचं पटवावं लागलं. शेवटी एका कोपऱ्यातल्या खोलीत एका तरुण डॉक्टरने उजव्या हातातला चहा न सांडता डाव्या हाताने संत्रं झेललं, आणि मामाजी कृतार्थ होऊन त्याच्यापुढे आ वासून बसले. त्याने दाढ काढली. ती शेजारची निघाली. परतीच्या गाडीत गालाला फडकं बांधून मामाजी म्हणाले, "दात चुकला असंन. हात नाई चुकला."

इथवर सगळी गंमत होती. पण पुढच्या उन्हाळ्यात माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, सुजाता नाव ठेवलं, आणि पोर तीन महिन्यांची होते न होते तोच शेजारच्या गावात देवीची साथ आली.

देवी टोचायला अकोल्याकडचा एक तरुण यायचा. त्याला सगळे देवीडॉक्टर म्हणत. किडकिडीत, चष्मेवाला, आणि सायकलवर बसला की सायकलच त्याला नेते आहे असं वाटणारा. त्याने चावडीत बसून अख्खं गाव टोचलं आणि मग वस्तीत आला. मामाजींनी संत्रं फेकलं. त्याने उजव्या हाताने झेललं. संपलं. त्यांच्या एका शब्दासरशी वस्तीतली सगळी दारं लागली.

मला निरोप मिळाला तसा मी बडनेऱ्याहून धावत गेलो. बायकोला म्हटलं, पोरीला घेऊन चल, मी अमरावतीत टोचून आणतो. ती पोरीला घट्ट धरून म्हणाली, "बाबा नाई म्हणतात. त्याईले इचारा." बाबा बाजेवर बसून डाव्या हाताने नातीला वारा घालत होते. मी खूप बोललो. रागावलो, हात जोडले. त्यांनी शांतपणे माझी जीभ बघितली.

शेवटी सासूबाईंनी मला चुलीशी बोलावलं. "तुमी त्याईच्यावर रागावू नका," त्या म्हणाल्या. "आमचं पयलं लेकरू देवीतच गेलं. तवा टोचणारा गावात आला होता. चावडीवरून वापस गेला, वस्तीत नाई आला. कोणी सांगतलंबी नाई का टोचून घ्या लागते. तवापासून याईच्या डोक्यात बसलं हाय, आता जे कराचं ते फिलीमीत दाखवते तसंच, जराबी इकडचं तिकडं नाई."

त्यानंतर मला मामाजींवर ओरडता येईना. मी देवीडॉक्टरला गाठलं आणि म्हटलं, बाबा रे, एकदा डाव्या हाताने टोच. बिचाऱ्याने खरोखरच सासूबाईंच्या परसातल्या भोपळ्यावर सराव केला. भोपळ्याची जी दशा झाली ती पाहून तो स्वतःच म्हणाला, "मुलीला नाही हो लावणार हा हात मी." मग तो तसाच मामाजींसमोर जाऊन उभा राहिला. "काका, तुमच्या फिलमीतला डॉक्टर मी ओळखतो. तो उजव्यानेच टोचतो."

"मी सोता पायलं."

"मग पैज. आरोग्याची गाडी उद्या भातकुलीला आहे. मी इकडे आणतो. देवीची फिल्म लावू. डॉक्टर डावखुरा निघाला तर मी नोकरी सोडतो."

"अन् उजवा निघाला तं समदी वस्ती जागीच बाह्या वर करंन," मामाजी म्हणाले. "पयली माही नात. पण पैज माही हाय, तं फिलीम माह्या वस्तीत. चावडीत नाई."

अशी ती गाडी पहिल्यांदा वस्तीत आली. झेंड्याच्या मैदानात दोन बांबू रोवून कापड ताणलं, वस्तीकडच्या बाजूला बैलगाडीवर मशीन ठेवलं, आणि दिवेलागणीपर्यंत सगळी वस्ती त्याच्यासमोर बसली. मामाजी सगळ्यांत पुढे, मांडीवर सुजाता. देवीडॉक्टर शेजारी टोचायचं सामान घेऊन. गावातही बातमी गेली होती; तिकडून माणसं आली, पाटीलसुद्धा आले, पण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून सगळे कापडाच्या पलीकडे उभे राहिले.

मशीन खटखटलं. पडद्यावर अक्षरं उमटली. मामाजी सवयीने तिकडे दुर्लक्ष करणार, तोच त्यांची मान पुढे झाली. ओठ हलले. मग ते सावकाश, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे वाचू लागले. "देवीची... लस... टोचून... घ्या." थांबले. सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "हे तं मराठीच हाय वं."

डॉक्टर आला. त्याने हात धुतले, उजवा आधी. सुई उचलली, उजव्या हाताने. आमच्या सगळ्यांच्या माना मामाजींकडे वळल्या. त्यांनी सुजाताला आईकडे दिलं आणि उठून ते कापडाच्या पलीकडे गेले. परत आले, उभ्याउभ्या बघितलं, पुन्हा पलीकडे गेले. त्यांची भलीमोठी सावली डॉक्टरच्या अंगावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होती आणि कुणी "बसा" म्हटलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी आयुष्यात पाहिलेली प्रत्येक फिल्म मागून पाहिली होती. मागून अक्षरं उलटी, मागून उजव्याचा डावा. अमरावतीहून सगळ्यांसाठी म्हणून जे निघालं होतं, ते वस्तीत पोचेपर्यंत असं फिरलं होतं.

मामाजी येऊन बसले. थोडा वेळ मांडीवर पडलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले, लांबच्या नातेवाइकाला निरोप देताना बघावं तसे. मग त्यांनी नातीला घेतलं, तिच्या झबल्याची बाही वर केली आणि देवीडॉक्टरला म्हणाले, "घ्या." सुजाता असं काही रडली की मशीनची खटखट बुडाली. तिच्यामागे शेळ्यावाला, सासूबाई, आणि मग अख्खी वस्ती बाह्या वर करून रांगेला लागली.

आज सुजाता शाळेत शिकवते. तिच्या दंडावरचा वण मोठा झाला आहे, आणि मामाजी आता नाहीत. संत्रं दिसलं की मला अजून कुणाकडे तरी फेकावंसं वाटतं. पण सगळ्यांत जास्त आठवते ती त्या रात्रीची, रांग चालू असतानाची एक गोष्ट. गाडीवाल्याने फिल्म पुन्हा लावली होती. डॉक्टरने सुई उचलली, आणि कापडाच्या मागून पाटलांचा आवाज आला, "काहून बे, हा डॉक्टर डेबऱ्या हाय काय?"

 आणि मामाजी बसल्या जागेवरून सरकत आणि शेजारची जमीन हाताने झटकत मोठ्याने बोलून गेले, "तिकून तसाच दिसते, पाटील. इकडं या. जागा हाय."