आंबिया म्हणणारा गायक

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. पहिलं आठवलं ते त्याचं बोट वर करून म्हणणं, "आता पाह्य, ताण तोडते." अशा वेळी मनात काय यावं याला काही धरबंध नसतो.

ऐंशीच्या दशकात त्याच्या साळ्यानं नागपूरहून एक कॅसेट आणली. कुठल्याशा विलायती बँडची सगळी गाजलेली गाणी तीत होती. वरचा कागद हरवलेला, त्यामुळे बँडचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. मी पांढुर्ण्याला गणिताचा मास्तर, गौतम सौंसरला लहानशा संत्राबागेचा धनी. रविवारी मी बसनं पोचलो की "जयभीम मास्तर" म्हणत तो ओसरीत टेप लावायचा. इंग्रजीच्या नावानं दोघांचीही बोंब. मी ठेक्यावर मान हलवून मोकळा व्हायचो. गौतमला मात्र प्रश्न पडायचे. "गाजलेली एवढी हायेत, मंग न गाजलेली कुठं ठेवली असतीन गा?"

तिसऱ्या गाण्यात मध्येच सगळं थांबायचं, एकटी गिटार कण्हत राहायची. "ताण देऊन राहिला," गौतम म्हणायचा. थंडीत संत्र्याचं पाणी बंद करून झाड तहानलेलं ठेवतात, तो ताण. मग ताण तोडला, म्हणजे पाणी सोडलं, की झाड फुलानं भरतं, त्या बहाराला आमच्याकडे आंबिया म्हणतात. इतक्यात ड्रम कोसळायचे आणि गायक गळा काढून चक्क 'आंबिया' म्हणायचा.

"अबे, तो गोरा कायले आंबिया म्हणन?" मी म्हणायचो.

"मंग काय म्हणते, तू सांग."

त्याची मस्करी करायचो खरा, पण परतीच्या बसमध्ये मीही तेच घोळवत बसायचो...

गेल्या दिवाळीत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मुलीला मुद्दाम सोबत नेलं. तिनं दोनदा ऐकलं. "काका, तो 'आय विल बी हिअर' म्हणतोय. मी इथंच असेन." इतक्या वर्षांचा आंबिया हातचा गेला, असं वाटून मला उगाच चुटपुट लागली. त्यानं टेप मागे घेतली, पुन्हा ऐकलं. "चांगलंच म्हणून राहिला," तो म्हणाला, आणि पुढच्या कडव्याला आपला आंबियाच म्हणाला. तीच आमची शेवटची भेट. त्याच्याइतक्या प्रश्नांचा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही. फार आठवण येते त्याची.

परवा सौंसरला गेलो. बाग ताणावर होती, पानं मलूल. पाणी कधी सोडायचं हे दरवर्षी गौतम ठरवायचा, पान नुसतं चुरून बघायचा. सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मले काही समजून नाही राहिलं. आज सोडू का अजून थांबू?" चुकलं तर वर्षाचा बहार जाणार. मी गणिताचा मास्तर, बोटांवर दिवस मोजायला लागलो. वहिनींनी एक पान तोडलं, त्याच्यासारखंच चुरलं, बराच वेळ हातात धरलं. मग ओसरीत येऊन टेप लावली. तिसरं गाणं आलं, गिटार एकटी पडली. वहिनी उठल्या.

"चाला, ताण तोडू."

आम्ही मोटर सुरू केली. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं तेव्हा रिकाम्या ओसरीतून पुढच्या कडव्यातली गायकाची हाक आली. मोटरच्या आवाजात शब्द नीट कळत नव्हते... पण एवढ्या लांबून ऐकू आला तो आंबियाच.