लुगडं तिचं नव्हतं

मोठीमाय गेल्याचं मला घरून कळलं नाही, मोबाइलवर कळलं. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी एक फोटो टाकला. गवतात पालथी पडलेली बाई, हिरवं लुगडं, रक्त. खाली सावली तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव आणि एक ओळ: ‘सरपणासाठी जंगलात गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार.’ त्यापुढे मोठीमायचं नाव.

शेजारच्या बाई डबा खात होत्या. फोटो बघत त्यांनी विचारलं, “मॅडम, हे तुमच्याकडचंच ना?”

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी तिच्या मुलाला, दादाला, फोन लावला. त्याला बोलताच येईना, म्हणून खरं असल्याचं कळलं.

गावात पोचले तेव्हा मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील, अंगणात खाटेवर बसले होते. कोणीतरी त्यांच्याही पुढे मोबाइल धरला होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

“हे आपली नोहे,” ते म्हणाले. “लुगडं तिचं नाई. तिनं निळं नेसलं होतं.” मग सगळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, “मंग हे बाई कोणाची हाय?”

ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला होता, त्यातले निम्मे तिथंच उभे होते.

दुसऱ्या दिवशी माती झाली. पण फोटोपेक्षा ती जंगलाची ओळ दादाला जास्त लागली होती. मोठीमाय जंगलात गेलीच नव्हती. आमच्याच धानाच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कापत होती, जंगल नाल्यापलीकडे. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “जंगलात कायले गेली होती?” जणू चूक तिचीच.

ही बातमी सगळ्यात आधी तालुक्याच्या एका बातमीदारानं त्याच्या पोर्टलवर टाकली होती. मी आणि दादा त्याच्याकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्याचं टेबल. माणूस वाईट नव्हता. आधी पाणी दिलं.

“फोटो ग्रुपवर आला मॅडम, तोच टाकला. सगळ्यांनीच टाकला.”

“गावात कोणाला विचारलं होतं?”

“विचारत बसलो तं दुसरा आधी टाकते.” मग तो दादाकडे वळला. “शेतातच होती म्हणता, तं तिथला फोटो हाय का? द्या, आत्ता बदलवतो.”

फोटो दादाकडे होता. तोच आधी पोचला होता आणि वनरक्षकाला दाखवायला म्हणून त्यानं काढला होता. त्यात धान होतं, धुरा होता, विळा होता. आणि मोठीमाय होती, जशी सापडली तशी. दादानं मोबाइल काढला. मी त्याचा हात धरला.

“काऊन?” तो म्हणाला. “खरं तं दिसंन लोकाइले.”

हाही फोटो असाच कोणाच्या तरी डब्यापर्यंत जाईल, एवढंच कळत होतं. बातमीदार म्हणाला, चेहरा पुसट करून टाकतो. माझं मन डळमळलं. शेवटी मोठेबाबांना विचारू म्हणून आम्ही उठलो.

मोठेबाबांनी सगळं ऐकून घेतलं. “डोक्यावरचा पदर कधी पडू देला नाई तिनं. आता साऱ्या जिल्ह्याले दाखवता?” मग म्हणाले, “त्याले इथी आण. डोये हायेत ना त्याले.”

खूप फोन केल्यावर बातमीदार आला. मोठेबाबा पुढे, तो मागे, पँट चिखलात. कापलेलं गवत धुऱ्यावर पिवळं पडत चाललं होतं. त्यानं त्या गवताचा फोटो घेतला, त्या दिवशी मोठीमायसोबत गवत कापणाऱ्या शेजारणीला विचारलं, लिहून घेतलं. रात्री पोर्टलवरचा जुना फोटो काढून टाकला आणि चार ओळींची दुरुस्ती टाकली. “ग्रुपवर गेलं ते आता माझ्या हातात नाई जी,” असं फोनवर म्हणाला.

त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईचा मी नंतर शोध घेतला. तोच फोटो फार जुन्या एका पोस्टमध्ये सापडला. खालची लिपी मला वाचता आली नाही. पुढे काही कळलं नाही. तिच्याही घरच्यांना असाच कोणीतरी मोबाइल दाखवला असेल, हे मनातून जात नाही.

काही दिवसांनी मोठीमायच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला पाहुणे आले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. कोरपन्याकडचे एक वयस्कर नातेवाईक हात धूत म्हणाले, “बाईनं जंगलात जावाचं नाई होतं.”

दादा ताडकन उठला. मोठेबाबांनी त्याला खाली बसवलं. “चला भाऊ, जागा दाखवतो तुमाले. लय दूर नाई.”

“नाई जी, गाडीचा टाइम झाला,” म्हणत ते निघून गेले.

मोठेबाबांनी तोवर चपला घातल्या होत्या. ते तसेच दारात उभे राहिले. मला राहवेना. मीच उठले आणि त्यांच्यासोबत शेतापर्यंत गेले.