खिळेकाकांनी दिलेली क्षमा

आमचे खिळेकाका सुतार. काम करताना सात-आठ खिळे ओठांत धरायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं. फरक इतकाच, की भिंत मधूनमधून मान डोलावत नाही. वय अडुसष्ट, लग्न नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मोजमाप चुकलं." दुकानामागच्या खोलीत एक खाट, एक कप, एक खुर्ची. लोकांना सहा-सहा खुर्च्यांचे संच करून देणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी दुसरी खुर्ची कधी केली नाही. बसणार कोण?

दोन गल्ल्या सोडून त्यांची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, म्हणून ताईनेच काकांना वाढवलं, आणि ते काम संपलंय हे तिला कोणी कळवलेलं नव्हतं. रोज दुपारी डबा यायचा, डब्याबरोबर सूचना. "केस काप." "खोकला अंगावर काढू नकोस."

एकदा फादरनी काकांना चर्चमध्ये बोलावलं. पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत फादर बसतात ती बैठक करकरायला लागली होती. "लोक जाळीपलीकडून पाप सांगत असतात," फादर म्हणाले, "आणि मी जरा हललो की ही किंचाळते. त्यांना वाटतं, मीच दचकलो!" एवढं सांगून फादर एका आजाऱ्याला भेटायला निघून गेले. काका कोठडीत शिरले, भुसा बाहेर उडू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि बैठकीखाली मान घातली. तेवढ्यात जाळीपलीकडे कोणीतरी कण्हत गुडघे टेकले.

"फादर, मी पाप केलंय."

आवाज ताईचा. काकांच्या तोंडात आठ खिळे. ते एकेक काढेपर्यंत ताई सुटली होती, आणि सुटलेल्या ताईला थांबवणं रिकाम्या तोंडाच्या माणसालाही आजवर जमलेलं नाही.

"चाळीस वर्षं झाली. माझ्या धाकट्या भावाला एका मुलीचं पत्र आलं होतं. तिचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं, ती त्याला तिकडे बोलावत होती. पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि शेगडीत घातलं. तो गेला असता तर मी एकटी पडले असते, फादर. पुढे वर्षभर तो दारात उभा राहून पोस्टमनची वाट बघायचा, आणि मी म्हणायचे, आत ये, गारठशील."

काकांनी शेवटचा खिळा तोंडातून काढून मुठीत धरला.

"फादर? क्षमा मिळेल ना?"

काकांना एवढंच हवं होतं, की तिने तिथून जावं. बसक्या आवाजात ते म्हणाले, "झाली क्षमा. घरी जा."

ती गेली. त्या दिवसापासून ताईला गाढ झोप लागायला लागली. काम करताना ती गुणगुणू लागली. पाप तिचं, आणि जागरण यांचं!

आठवड्याने काका जाळीच्या योग्य बाजूला गुडघे टेकून बसले.

"फादर, मी तुमच्या जागेवर बसून एकाला क्षमा दिली."

"नाव सांगू नकोस. काय ऐकलंस तेही नको."

"ऐकलं ते माझ्याबद्दलच होतं."

फादर हलले. बैठक गप्प राहिली. काम चोख झालं होतं.

"अरे, क्षमा मीसुद्धा माझ्या पदरची देत नाही," फादर म्हणाले. "त्या क्षमेसाठी प्रभूने क्रुसावर जीव दिला; मी दाराशी नेमलेला माणूस. तू दिलीस ती काही देवाची नव्हे. पण निदान तुझी तरी होती का?"

काका जाळीची चौकट अंगठ्याने चाचपू लागले.

"मग जाऊन खरं काय ते सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."

"दुसरं काही द्या ना. चर्चच्या सगळ्या बाकांना फुकट रंधा मारून देतो."

"बाकांना रंधा मारून पाप फिटलं असतं, तर सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूने सुतारकीच चालू ठेवली असती. ऊठ."

ताई चादरींच्या घड्या घालत होती. काकांनी आपणहून दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगून टाकलं.

"तो तू होतास?" ताई म्हणाली. "मला वाटलं फादरना सर्दी झालीय. दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध नेऊन दिलं मी!"

"घेतलं त्यांनी?"

"निमूट घेतलं." मग ती खाटेवर टेकली. "म्हणजे माझं पाप होतं तिथंच."

"देवाकडची क्षमा फादरकडून घे."

"आणि तुझ्याकडची?"

"अजून झाली नाही, ताई."

"तिथं तर म्हणालास."

"तिथं मी फादर होतो." काकांच्या हातात चादर तशीच होती. "काय लिहिलं होतं पत्रात?"

ताईने वर पाहिलं नाही. "शेवटी लिहिलं होतं, उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन."

काकांनी चादरीची घडी पुरी केली, तिच्या शेजारी ठेवली आणि जेवायला न थांबता निघून गेले.

शनिवारी मात्र तेच तिला चर्चमध्ये घेऊन आले; पायऱ्या चढताना तिचे गुडघे फार दुखायचे. ती कोठडीशी गेली, ते शेवटच्या बाकावर बसले. ती आली तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा मोकळा.

"देवाने केली," ती म्हणाली. "आता तुझी राहिली."

काकांनी हात पुढे केला. ताईने तो धरला. "ही क्षमा समजू का?"

"नाही. पायऱ्या आहेत म्हणून."

"बरं."

खाली पोचल्यावर तिनेच हात सोडला आणि हळूहळू आपल्या गल्लीकडे चालू लागली. देव क्षमा करतो तेव्हा त्याला ते पाप आठवतही नाही, असं फादर दर रविवारी सांगतात. म्हणजे देवाच्या लेखी ते पत्र आता कोणी जाळलंच नव्हतं. ते जळालेलं पत्र अजून मनात धरून शेवटच्या पायरीवर एकटे काकाच उभे होते.