लतिकाबाईंचा संघ आणि गौरीचं पान

आमच्या लतिकाबाई गुप्त्यांनी आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावलेला नाही. तरी त्यांच्या कॉलेजात मुलींचा पहिला फुटबॉल संघ उभा केला तो त्यांनीच. शिकवायच्या भूगोल. लहानपण गेलं दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत. प्राचार्यांनी खेळांचं काम त्यांच्या गळ्यात घातलं, कारण त्या दिवशी मीटिंगला वेळेवर आलेल्या त्या एकट्याच. दुसरी कुणी असती तर कॅरमबोर्ड मांडून मोकळी झाली असती. बाईंनी नियमांचं पुस्तक घोकलं, साडीखाली पांढरे बूट चढवले आणि फळ्यावर मैदानाचा नकाशा काढून, त्यात उत्तर दिशा दाखवून, ऑफसाइड शिकवला. मुली हसल्या, पण शिकल्या.

आर. के. पुरममध्ये आम्ही शेजारी. मी निवृत्त आणि माझ्याकडे गाडी, म्हणून संघाचा ड्रायव्हर मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

बाईंचा एक दंडक होता. सामन्याच्या दिवशी खिचडी आणि केळं, तिसरं काही पोटात जाता कामा नये. एकदा एकीच्या डब्यात समोसा सापडला, तेव्हा बाईंनी असा चेहरा केला, जणू बॉम्बच सापडलाय.

गेल्या सप्टेंबरात प्राचार्यांनी बजावलं, येत्या सामन्याला पूर्ण अकरा मुली उतरल्या नाहीत तर संघ बंद. तापाची साथ चाललेली, त्यामुळे धडधाकट अशा जेमतेम अकराच उरल्या होत्या. आणि नेमका सामन्याच्या सकाळी गोलकीपर प्रज्ञाचा फोन आला, "मॅम, मम्मी सोडतच नाहीये. आज गौरी जेवतात ना!"

प्रज्ञाचे वडील सुभेदार, साताऱ्याकडचे, राहायला कँटोन्मेंटात. आम्ही पोचलो तेव्हा तिची आई शेवंताबाई हवालदिल होऊन दारात उभी. नैवेद्य झाला होता, पण जेवायला सांगितलेली सवाष्ण तापाने आडवी पडलेली. सवाष्ण जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेणार नाही, आणि सणाच्या दिवशी पोर उपाशी घराबाहेर पडणार नाही. सामना तीनला होता.

बाईंच्या कपाळावरची टिकली पाहून शेवंताबाईंचा चेहरा उजळला. "गौरच आली बघा दारात! बसा बाई, बसा."

पाट मांडला, पान वाढलं, पुरणपोळीवर तूप पडलं. बाई बसल्या. प्रज्ञा बूट शोधायला पळाली. सुटलो बुवा, म्हणून मी गाडीची किल्ली काढली.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "शेवंताबाई, मी सवाष्ण नाही. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली."

मी कपाळाला हात लावला. या बाईंना नको तिथे खरं बोलायची खोड आहे.

शेवंताबाईंनी करंडा उचलला आणि बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. "वाढल्या पानावरनं उठवायची रीत नाही आमच्यात. माझी पोर दिवसभर तुमच्यापाशी असती. तुम्हीच जेवा. गौरीला काय सांगायचं ते मी सांगते."

बाई जेवल्या. आग्रहापुढे त्यांचं काही चालेना. शेजारी प्रज्ञालाही बसवलं आणि तिच्याही पानात पोळीवर पोळी पडत राहिली. खिचडी-केळ्याचा दंडक कटाच्या आमटीत बुडाला.

सामना आम्ही चार-शून्यने हरलो. प्रज्ञाला उडीच मारता येईना. पण अकरा जणी शेवटपर्यंत मैदानात होत्या, संघ वाचला. "मॅम, बच गए!" करत पोरी अशा नाचल्या, की जिंकलेला संघ बघतच राहिला.

परतताना धौला कुआंला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मी विषय काढला. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? संघ जात होता ना यार!"

"गेला असता तर गेला असता," बाई म्हणाल्या. "खोटं बोलून पोरगी मैदानात आणायची आणि उद्या त्याच पोरींना शिस्त शिकवायची?"

मी म्हटलं, झालं लेक्चर सुरू. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"आणि अविनाशराव, हे गेल्यापासून सणाच्या दिवशी मला कुणी पानावर बसवलं नव्हतं. आज सगळं कळूनही त्या बाईने बसवलं. गप्प राहिले असते, तर ते जेवण माझं नसतं."